गटात एक बाई हवी

माझ्या एका मित्राच्या चुलतबहिणीच्या लग्नाला मी सांगलीत तीन दिवस होते. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, सगळं. पंगतीत मठ्ठा वाढला, करवल्यांबरोबर फोटोत उभी राहिले, त्याच्या आजीला रात्रीची गोळी आठवणीने दिली. या तीन दिवसांत मला तोंडावर कोणी विचारलं नाही की बाई गं, तू कोण? गरजच नव्हती. पुण्याहून मुलासोबत आलेली मुलगी, साडी नीट नेसता येते, मोठ्यांच्या पाया पडते, म्हटल्यावर पुढचं ज्याने त्याने जुळवून घेतलं. निघताना त्याच्या आत्याने माझ्या हातात खण ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी ओटीच भरायची आता." तो मागेच उभा होता. एसटीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि कराड मागे पडल्यावर एवढंच म्हणाला, "थँक्स."

1994 सालची गोष्ट. तो गे आहे हे तेव्हा तिघांनाच ठाऊक होतं. एक तो, एक मी, आणि तिसरा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा, ज्याचं पुढच्याच वर्षी घरच्यांनी लग्न लावून दिलं. तो खण अजून माझ्या कपाटात आहे. शिवायला द्यावासा वाटला नाही आणि कोणाला देऊन टाकवतही नाही.

मागच्या सप्टेंबरात मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. तो आता कित्येक वर्षं न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहतो. फोन करून म्हणाला, "दोन दिवस काढ. तुला एक बेट दाखवायचंय. आणि साध्या चपला आण, टाचांच्या नकोत, फळ्यांत अडकतात."

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड समुद्रात लांबवर शिरलेलं आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर, मध्ये खाडी सोडून, वाळूची आणखी एक बारीक पट्टी आहे. ते फायर आयलंड. लांबी साधारण 50 किलोमीटर आणि रुंदी एवढीशी, की खाडीत पाय बुडवून चालायला लागावं तर ते वाळायच्या आत पलीकडे अटलांटिकमध्ये भिजावेत. मी मालवणकडची. मला ते बघताक्षणी देवबाग आठवलं. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मध्ये माडाखाली बसलेली घरांची एक रांग. अशा पट्टीवर राहणाऱ्या माणसाला जमीन कायमची आहे असं कधी वाटत नाही.

न्यूयॉर्कहून दीडेक तास ट्रेन, मग सेव्हिल गावाच्या धक्क्यावरून लाँच, अर्ध्या तासाच्या आत चेरी ग्रोव. धक्क्यावर उतरल्यावर आधी दिसतात त्या लाल हातगाड्या. लहान मुलं दोरी बांधून ओढतात तसल्या, पण इथे ओढणारे पन्नाशी-साठीचे. सायकली लावाव्यात तशा ओळीने साखळीने बांधलेल्या, आणि गाडीवर घराचं नाव रंगवलेलं. मोटार या गावात नाहीच. रस्ताही नाही. जमिनीपासून वीतभर उचललेल्या लाकडी फळ्यांच्या पायवाटा आहेत, त्यांच्या दोन्ही अंगांना झाडी, आणि झाडीत निम्मी दडलेली तीनशेच्या आसपास घरं. फळ्या वाजतात. घरात बसलं तरी कोण चाललंय ते पावलांवरून कळतं. रात्री मी माडीवर पडून ऐकत होते. सपाता, अनवाणी पाय, मग हातगाडीची घरघर, आणि मग ठक्, ठक्, ठक्. तो अंधारातूनच म्हणाला, "बघ, तुला मी टाचा आणू दिल्या नाहीत. हे सहा इंची घालून जातायत."

चेरी ग्रोव हे नाव इथल्या जंगली चेरीच्या झाडांवरून पडलं. एकोणिसाव्या शतकात एका जोडप्याने इथे जमीन घेऊन छोटं हॉटेल काढलं. पुढे खाडीपलीकडच्या गावांतल्या कुटुंबांनी उन्हाळ्यापुरत्या साध्या झोपड्या बांधल्या. मासे पकडायचे, शिंपले खायचे, सप्टेंबरात दारं लावून परत जायचं. असंच चालू राहिलं असतं. पण 21 सप्टेंबर 1938 ला जे चक्रीवादळ आलं त्याने लाँग आयलंडचा किनारा झोडपून काढला आणि ग्रोवमधली बरीचशी घरं उचलून नेली. जुन्या मंडळींपैकी अनेकांना परत उभारायचा उत्साह राहिला नाही. घरं आणि जागा स्वस्तात मिळू लागल्या, आणि भाड्याने किंवा विकत घ्यायला आली ती न्यूयॉर्कची नाटकवाली मंडळी: नट, नर्तक, नेपथ्यकार, वेशभूषाकार. त्यांत समलिंगी पुरुष होते आणि बायकाही होत्या.

वादळाने गाव रिकामं करावं आणि ते दुसऱ्याच कोणाच्या हाती जावं, हे आमच्या बाजूच्या माणसाला नवीन नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं, त्यानंतर आमच्याकडेही किनाऱ्यालगतच्या जागांची चौकशी करणारे फोन यायला लागले होते. फक्त आमच्याकडे फोन रिसॉर्टवाल्यांचे होते.

ग्रोवमध्ये वीज पोहोचली 1961 साली. म्हणजे न्यूयॉर्कमधल्या दिव्यांनी रात्रीचा दिवस केलेला असताना, तिथून शंभरेक किलोमीटरच्या आत, ही माणसं रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात स्वयंपाक करत आणि हापशाचं पाणी पीत होती. कवी डब्ल्यू. एच. ऑडन 1940 च्या दशकात स्नेह्यांच्या भागीदारीत इथे एक खोपटं बाळगून होता. ऑडनला कुठेही राहायला मिळालं असतं. मग इथेच का? मला वाटतं, उत्तर त्या गैरसोयीतच होतं. जिथे गाडी जात नाही, तिथे चुलते-मामे सहज चक्कर मारायला येत नाहीत. लाँच आल्याशिवाय कोणी येत नाही, आणि लाँच आली की कोण उतरलं ते सगळ्या गावाला दिसतं. मी त्याला हे म्हटलं, तर म्हणाला, "सांगलीला थेट एसटी होती, हाच प्रॉब्लेम होता माझा."

आम्ही पायवाटेने कम्युनिटी हाउसपाशी आलो. देवळाचा सभामंडप असतो तसं याचं आहे: गावाचं जे काही, ते इथे. 1945 च्या सुमाराला खाडीवरून आणलेली एक इमारत, तिला 1948 मध्ये नाटकघर जोडलं, आणि तेव्हापासून आर्ट्स प्रोजेक्ट नावाची गावकऱ्यांची मंडळी इथे खेळ करत आली. अमेरिकेत सलग चालत आलेल्या समलिंगी रंगभूमीचं सर्वात जुनं ठिकाण याला मानतात. 2013 मध्ये सरकारने ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचं नाव घातलं. दिसायला काहीच नाही. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचा हॉल याहून बरा असेल.

आत डोकावताना मला कोळशाच्या इस्त्रीचा आणि मुर्दाडशिंगाचा वास आल्यासारखं वाटलं. खरं तर तिथे तसलं काही नव्हतं, मलाच दशावतार आठवला होता. लहानपणी जत्रेच्या रात्री आम्ही पोरं रंगपटाच्या मागे जाऊन उभी राहायचो. पेटाऱ्याला टेकून स्त्रीपार्टी नट बसलेला. नऊवारी चापून नेसलेली, नाकात नथ, अंबाडा, आणि तोंडात विडी. हाक आली की विडी विझवून कानावर ठेवायचा आणि मंडपात जाऊन द्रौपदी व्हायचा. आजी गोधडीत गुरफटून बघत बसायची आणि म्हणायची, "बापयो असा तो, पण खऱ्या बायलेक लाजवीत गो!" त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. पण त्याच आजीने आमच्या वाडीतल्या एका मुलाला, तो जरा लचकत चालतो म्हणून, परड्यातून हाकलून दिलेलं मी पाहिलंय.

आपल्याकडे मंचाने दिलेली मुभा पहाटे दहीकाला फुटला की संपते. रंग पुसायचा, घरी जायचं, बायकोने केलेली पेज जेवायची. बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल पुण्यातल्या घरंदाज बायका करत होत्या, हे आपण कौतुकाने सांगतो; पण मंचावरून उतरल्यावर कोणाला तसंच राहावंसं वाटलं असेल तर त्याचं काय झालं असेल, याची विचारपूस आपण केलेली नाही. ग्रोवच्या लोकांनी मंच बांधला आणि मग गावच मंचासारखं वापरायला सुरुवात केली. सकाळी भाजीच्या दुकानात जाताना गाऊन घालून गेलं तरी चालेल, एवढीच काय ती मागणी. ऑडन आणि त्याचा लेखकमित्र इशरवुड एका पार्टीला ग्रीक देव आणि त्याचा साकी बनून, सोनेरी पालखीतून वाहिले गेले अशी आठवण गावात सांगतात. पालखीचं ऐकून मी हसले, तर त्याला का ते कळलं नाही. पंचवीस वर्षांत माणूस पालखी विसरतो.

पण हे सगळं गंमतीजंमतीत चाललं होतं असं कोणी समजू नये. खाडीतून लाँच जशी येते तशीच पोलिसांची बोटही येते.

चेरी ग्रोवच्या पूर्वेला फायर आयलंड पाइन्स ही दुसरी वस्ती. दोन्हींच्या मध्ये वाळूच्या टेकड्या आणि बुटकी, वाऱ्याने वाकलेली झाडी आहे. पुरुष तिथे एकमेकांना भेटायचे. त्या झाडीला ग्रोवचे लोक थट्टेने 'ज्युडी गार्लंड स्मृतिवन' म्हणतात, गे मंडळींच्या लाडक्या गायिका-नटीच्या नावाने. हिंडताना मला वाटलं होतं की काही तरी गूढ असेल, तर होतं काय, हरणं, पाण्याची डबकी आणि अंगाला लागलं की खाज सुटणारा एक वेल. 1950 आणि 60 च्या दशकांत रात्री-अपरात्री सफोक काउंटीतले, म्हणजे हे बेट ज्या जिल्ह्यात येतं तिथले, पोलिस या झाडीत शिरायचे. सापडतील त्यांना बेड्या घालून धक्क्यावर आणायचं, बोटीत घालून पलीकडे न्यायचं, तिथला न्यायाधीश दंड करायचा. दंड फार नसे. माणूस आयुष्यातून उठायचा तो पुढच्या गोष्टीने: नाव स्थानिक वर्तमानपत्रात छापून यायचं. शाळेत शिकवणारा, बँकेत असणारा, लग्न झालेला, सगळे एका यादीत. म्हणून बहुतेक जण गुन्हा कबूल करून, दंड भरून, मान खाली घालून निघून जायचे.

ही रीत मोडली 1968 मध्ये. मॅटाशीन सोसायटी ही समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना पुढे झाली, बेनेडिक्ट वुतुरो नावाचा वकील दिला, आणि वुतुरोने साधीच गोष्ट केली: प्रत्येक आरोपीने गुन्हा नाकबूल करायचा आणि ज्युरीपुढे खटला मागायचा. आता सफोकसारख्या ठिकाणी बारीकसारीक आरोपांसाठी एकामागून एक ज्युरी बसवायची म्हणजे खर्च आणि फजिती. पोलिसांचे खटले तिथे टिकेनात. धाडी ओसरल्या. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध झालेला उठाव व्हायला तेव्हा अजून वर्ष होतं. त्या उठावाची तारीख आज सगळ्यांना पाठ असते. एका वकिलाने "पुढची तारीख द्या" म्हणत केलेल्या कामाची कोण आठवण ठेवतो? मला ती जास्त आवडते. माझे वडील मालवणच्या कोर्टात बेलिफ होते, कदाचित म्हणून असेल.

आणि मग त्याने मला ती शिडीची गोष्ट सांगितली.

आम्ही घराच्या लाकडी डेकवर बसलो होतो. त्याने चहा केला होता, आलं घालून, आपल्यासारखा. साठच्या दशकात पुरुषाने पुरुषासोबत नाचणं म्हणजे गैरवर्तन. हॉटेलवाल्याचा दारूचा परवाना जायचा. मग बेटावरच्या नाचघरांत युक्ती काढली. सगळ्यांनी ओळीत किंवा घोळक्यात नाचायचं, कोणी कोणाचा हात धरायचा नाही, तोंड समोरासमोर आणायचं नाही, आणि प्रत्येक घोळक्यात निदान एक बाई हवी. बाई असली की तो घोळका कायद्याच्या नजरेत शुद्ध. हे नीट पाळलं जातंय ना हे बघायला एक माणूस हॉलमध्ये शिडीवर बसवलेला असे. हातात टॉर्च. जिथे दोन पुरुष एकमेकांकडे तोंड करून नाचायला लागले, तिथे त्याचा झोत पडायचा. आणि हा पहारेकरी बाहेरचा नव्हे, नाचघराच्या मालकाने नेमलेला.

"प्रत्येक घोळक्यात एक बाई," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता कपातला चहा हलवत राहिला.

मी काही बोलले नाही. पण तेव्हापासून त्या बायका माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या कोण असतील? काही तिथल्याच, आपापल्या मैत्रिणीबरोबर आलेल्या, समलिंगी. त्यांचाही त्यात फायदा होता: धाड पडली तर दोन पुरुष, दोन बायका, दोन जोडपी, काय म्हणणं आहे तुमचं? ही सोय दोन्हीकडून होती. पण काही माझ्यासारख्याही असतील. मित्राने म्हटलं म्हणून आलेल्या, गाणं आवडलं म्हणून नाचणाऱ्या, आणि रात्री अकराला पाय दुखायला लागल्यावर "मी बसू का जरा?" असं विचारताच चार पुरुषांचे चेहरे पडलेले बघणाऱ्या. बसली तर नाच बंद. मला सांगलीचा दुसरा दिवस आठवला. ताप होता मला. मी म्हटलं होतं, मी पुण्याला जाते. त्याचा चेहरा असाच पडला होता. मी क्रोसिन घेतली आणि करवल्यांबरोबर उभी राहिले.

एक सांगायचं राहिलं. त्या लग्नानंतर माझ्यासाठी आलेलं एक स्थळ परत गेलं. 'मुलीचं कुठेतरी ठरलंय असं कळलं' असा निरोप. सांगलीची बातमी मालवणात पोहोचायला तेव्हा मोबाइल लागत नव्हता. त्या स्थळाचं मला दुःख नाही, पुढे माझं सगळं रीतसर झालं. शिवाय त्याने मला आधी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पण बाविसाव्या वर्षी आपण नक्की कशाला हो म्हणतोय ते कळत नाही, आणि त्यालाही आपण नक्की काय मागतोय ते कळत नसावं. हे आम्ही इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो. त्या डेकवरही नाही बोललो. त्याने माझा कप घेतला आणि पुन्हा भरून आणला.

दुसऱ्या दिवशी वाळूतून चालत पाइन्सला गेलो. फरक लगेच कळतो. ग्रोव म्हणजे बुटकी, रंगीत, जरा कललेली घरं. पाइन्समध्ये पैसा आहे. 1950 च्या दशकात ही जागा कुटुंबवत्सल लोकांसाठी म्हणून प्लॉट पाडून विकायला काढली होती. पेगी फिअर्स ही पूर्वाश्रमीची नर्तकी-नटी, तिने इथल्या बंदरावर हॉटेल उभं केलं, आणि हळूहळू शहरातले नीटनेटके, पैसेवाले, चारचौघांत न ओळखू येणारे गे पुरुष इकडे येऊ लागले. होरेस गिफर्ड नावाच्या वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी देवदाराची घरं बांधली. साधी, कोनदार, रंग न दिलेली, समुद्राच्या हवेने रुपेरी पडणारी. झाडीच्या बाजूने बघावं तर भिंत, समुद्राच्या बाजूने बघावं तर नुसती काच. लपायचंही आहे आणि दाखवायचंही आहे, हे एका घरात मी पहिल्यांदा पाहिलं.

बंदरावर दुपारी चार-पाचनंतर नाच असतो, त्याला टी म्हणतात. टी डान्स. चहा मिळत नाही, मी विचारलं होतं. नाचाची पुढे इथे एवढी चढाओढ लागली की आजच्या नृत्यसंगीताचा एक धागा या धक्क्यावर येऊन पोहोचतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टॉम मोल्टन नावाचा माणूस बेटावर आला असता त्याला दिसलं की माणसं रंगात येतात, तोवर गाणं संपतं, आणि दोन गाण्यांमधल्या फटीत सगळे उठून जातात. त्याने घरी बसून एकात एक गाणी मिसळून, फट न ठेवता, पाऊण तासाची टेप बनवली आणि पाइन्सच्या सँडपायपर या नाचघराला दिली. तिथून पुढे तो गाणी लांबवत गेला आणि त्यातून बारा इंची सिंगल तबकडी आली. पूर्वी टॉर्चचा झोत पडला की नाच थांबायचा, आता कशानेच थांबू नये असं त्यांना वाटत असेल तर नवल नाही.

पण पाइन्समध्येही शिडीवरचा माणूस होताच, फक्त टॉर्च नव्हती. 1976 च्या उन्हाळ्यात ग्रोवमधली एक ड्रॅग क्वीन, म्हणजे बाईच्या वेशात मिरवणारा पुरुष, पूर्ण शृंगारात पाइन्सच्या रेस्टॉरंटात जेवायला गेली आणि तिला वाढायला नकार मिळाला. नाकारणारेही गेच. आम्ही सभ्य वस्तीतले, तुमच्यासारखे भडक नाही, असं काहीसं. बहिष्कृतांच्या गावातही वरची आळी आणि खालची आळी असते, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ग्रोवच्या लोकांनी मोर्चा काढला नाही. त्या वर्षीची ग्रोवची राणी म्हणून निवडलेली पँझी, म्हणजे थॉम हॅन्सन, आणि आणखी काही जणी 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वाढदिवसाला, विग-गाऊन-टाचांसह वॉटर टॅक्सीत बसल्या आणि वाजतगाजत पाइन्सच्या बंदरात उतरल्या. स्वारी म्हणतात तिला. आज दर 4 जुलैला ती निघते, भरलेली लाँच लागते, आणि पाइन्सचे लोक धक्क्यावर उभे राहून टाळ्या वाजवतात. रुसवा काढायची ही तऱ्हा मला फार आवडली. तरी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही: आम्ही गेलो त्या दुपारी पाइन्सच्या पूर्ण धक्क्यावर माझ्या मित्राच्या रंगाची माणसं मी बोटांवर मोजली. एक हात पुरला.

आणि हे सगळं एका रस्त्याखाली गाडलं जायचं होतं. मार्च 1962 मधल्या वादळाने किनारा पुन्हा झोडपला, तेव्हा न्यूयॉर्कच्या बांधकामांचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस म्हणाला, उपाय एकच: बेटाच्या पाठीच्या कण्यावरून चौपदरी रस्ता. रस्त्याने वाळू धरून ठेवली जाईल म्हणे. बेटावरच्या सगळ्या वस्त्या, कुटुंबवाल्या आणि गे, एकत्र येऊन भांडल्या. 1964 मध्ये केंद्र सरकारने फायर आयलंडला राष्ट्रीय सागरकिनारा जाहीर केलं आणि रस्ता कायमचा बारगळला. किनारी रस्ता अडवून धरलेली गावं मी आमच्याकडे पाहिली आहेत, अडवणाऱ्यांना 'विकासविरोधी' म्हणतात. ग्रोवला रस्ता मिळाला असता तर आज तिथे पार्किंग असतं.

3 जुलै 1981 ला न्यूयॉर्क टाइम्सने आतल्या पानावर एक बातमी छापली: 41 समलिंगी पुरुषांत एक दुर्मीळ कर्करोग. एड्सची चाहूल होती ती, तेव्हा त्याला नावही नव्हतं. तो शुक्रवार होता, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी लागलेली. ते वर्तमानपत्र काखेत मारून कितीतरी जण सेव्हिलच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत उभे असतील. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी लेखक लॅरी क्रेमर आणि त्याचे सोबती पाइन्सच्या बंदरावर संशोधनासाठी पैसे मागत उभे राहिले, तर लोकांनी त्यांना चुकवून जायची वाट धरली. पुढची बारा-पंधरा वर्षं इथे काय झालं ते मला त्याने सांगितलं नाही, घराच्या शेजारणीने सांगितलं. ती ऐंशीच्या पुढची, पन्नाशीच्या दशकातल्या मुलींच्या टोळीतली. म्हणाली, लाल हातगाड्यांत बसवून माणसं धक्क्यावर न्यायचो आम्ही. चालवत नसे त्यांना. काहींना ती अखेरचा समुद्र दाखवायला त्याच गाडीतून वाळूपर्यंत न्यायची. घरं रिकामी झाली, काही बायकांनी ती घेतली. गावात बायकांची संख्या वाढली ती अशी. गिफर्ड 1992 मध्ये एड्सनेच गेला. त्याची रुपेरी घरं उभी आहेत आणि आता भलत्याच किमतीला जातात.

मी तिला विचारलं, तुम्ही कधी त्या शिडीच्या काळात पुरुषांच्या घोळक्यात नाचलात का?

ती खळखळून हसली. "सगळ्यांत! एका रात्रीत पाच-पाच घोळक्यांत. मला त्या बदल्यात फुकट जिन मिळायची. तुला काय मिळालं?"

मी म्हटलं, "खण." मग खण म्हणजे काय ते सांगण्यात आमची अर्धी दुपार गेली. तिने माझ्याकडून चोळीचा आकार कागदावर काढून घेतला. का, ते विचारलं नाही. पुढच्या 4 जुलैला कोणाच्या तरी अंगावर दिसेल.

परतीच्या लाँचवर वरच्या डेकला बसलो. वारा होता. खाडीचं पाणी आमच्या पावसानंतरच्या खाडीसारखं, तपकिरी. मध्यावर आलो तेव्हा त्याचा फोन वाजला. सांगली. त्याची आई आता ब्याऐंशीची आहे. तिकडे पहाट झालेली असणार, ती चारला उठते. न्यूयॉर्क राज्यात 2011 पासून समलिंगी लग्नं होतात, आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 पासून समलिंगी संबंध निदान गुन्हा तरी राहिलेले नाहीत. हे सगळं खरं, पण तिने विचारलेलं नाही आणि त्याने सांगितलेलं नाही.

"हो, बोटीत आहे. फिरायला गेलो होतो. नाही, एकटा नाही." त्याने माझं नाव सांगितलं. पलीकडून काहीतरी मोठ्याने, आनंदाने आलं. त्याने फोन माझ्याकडे दिला.

"अगं, तू आहेस होय त्याच्यासोबत!" काकू म्हणाल्या. "मग मला काही घोर नाही."

"हो काकू," मी म्हटलं. "मी आहे."